तिसरा साक्षीदार

फोन वाजला तेव्हा ताईच्या एकाच पायात नवी चप्पल होती. घड्याळात सव्वानऊ, आणि नोंदणी कार्यालयात लग्नाची वेळ अकराची. पडद्यावर नाव आलं, ‘रोस्टर’, म्हणजे वैमानिकांच्या पाळ्या लावणारं कार्यालय.

हा फोन आला की काय होतं, ते घरात सगळ्यांना पाठ. विमानं जास्त, वैमानिक कमी, आणि सुट्टीच्या दिवशीही हाकेसरशी धावणारी एकटी शहाणी म्हणजे ही ताई. आईने सवयीने तिची पाण्याची बाटली नळाखाली धरली. धाकटीने, म्हणजे आजच्या नवरीने, कानातल्याची फिरकी बसवता बसवता टेबलावरच्या लग्नाच्या अर्जाकडे पाहिलं.

अख्खा अर्ज शाईने भरलेला. फक्त तिसऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं : ताई, नाहीतर मामा. ताईचं नाव पेनाने लिहायची या घरात पद्धतच नव्हती.

“चला, स्टँडबायला बोलावणं आलं,” म्हणत मामांनी शर्टाची वरची गुंडी लावली. कोणी हसलं नाही.

ताईने फोन उचलून स्पीकरवर टाकला. “बोला.”

“मॅडम, तुमची सुट्टी आहे, ठाऊक आहे मला. पण दुपारचं विमान कॅप्टनवाचून अडलंय. आठ जणांना विचारलं, आठही नाही म्हणाले. तुम्ही शेवटच्या.”

“मी शेवटची का?”

“तुम्ही कधी नाही म्हणत नाही ना!”

धाकटीची फिरकी हातातून निसटली. ती शोधायला म्हणून ती खाली वाकली, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

“आज माझ्या बहिणीचं लग्न आहे,” ताई म्हणाली आणि थांबली. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो, हे तिला नोकरीच्या नऊ वर्षांत चांगलं कळलं होतं. तिने पुढे जोडलं. “आणि लग्न नसतं, तरी सुट्टी ती सुट्टी. मी येणार नाही.”

“बरं झालं, मॅडम,” रोस्टरवाला हळूच म्हणाला. “मी वर लिहून लिहून थकलो, माणसं कमी आहेत, भरती करा. वरून एकच उत्तर, ‘भागतंय ना?’ भागत होतं ते तुमच्या जिवावर. आज पहिल्यांदा लिहितो, कोणीही नाही.”

“आणि प्रवासी?”

“संध्याकाळच्या विमानात बसवतो. शिव्या मी खातो, सवय आहे. नवरीला शुभेच्छा सांगा.”

ताईने फोन ठेवला. आता अपराधी वाटेल म्हणून ती वाट बघत होती. पण तिला सपाटून भूक लागली.

“अगंबाई!” आई ओरडली. बाटली केव्हाच भरून वाहत होती.

“म्हणजे मी आता नुसता पाहुणा?” मामांनी गुंडी सोडली. “सुटलो बुवा! आता पोटभर जेवतो.”

धाकटी टेबलाखालून वर आली. डोळे पुसले, खोडरबर घेतलं आणि तो रकाना कोरा केला. मग पेन उचलून तिने इतकं दाबून लिहिलं, की ताईचं नाव खालच्या वर्तमानपत्रावरही उमटलं.