थर्मामीटरची साक्ष

"आधी बूट बुडवा, मग बोला," सून म्हणाली आणि औषधाच्या पाण्याचं घमेलं तिनं डॉक्टरांपुढे सरकवलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी निमूट बूट बुडवले. शेजारच्या फार्मवर साथ आली होती. तिथली सगळी डुकरं मारून पुरावी लागली होती. आज हिच्या फार्मची तपासणी होती.

"एकालाही ताप निघाला, तर सगळी मारावी लागतील," डॉक्टर म्हणाले. "नाही निघाला, तर पिल्लं न्यायला मोकळीक."

पिल्लं नणंदेकडे जायची होती. मागच्या साथीत तिच्याकडे एक जनावर उरलं नव्हतं. बिचारीनं पुन्हा हिमतीनं शेड उभी केली होती, आणि आता ती फाटकाबाहेर टेम्पोपाशी ताटकळत होती.

"निघणारच नाही!" सून कडाडली. "इथं बाहेरचं चिटपाखरू शिरलेलं नाही. सख्ख्या भावाला अंघोळ घालून आत घेतलाय मी. रोज भिंतींना चुना मारतोय आम्ही."

"हा विषाणू लबाड आहे हो ताई. शरीरातल्या एका पेशीत कुणी घुसलं, की ती घंटा वाजवल्यासारखी शेजारणींना सावध करते. हा शिरतो आणि आधी ती घंटाच बंद पाडतो. मग शेजारणी गाफील, याचं फावतं. उशिरा का होईना, ताप चढतो. इथं माझ्या हातात तेवढीच खूण."

"मग शोधा ती खूण. आणि नाही सापडली, तर पुन्हा माझ्या जनावरांकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही!"

सासरे बादली घेऊन जात होते. गुडघे कुरकुरत होते, तरी आज डुकरांना पाणी पाजायच्या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या बाह्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"मामंजी, चुना भिंतीला लावायचा, अंगाला नव्हे!" सून हसली.

"लेकीचं काम आहे गं. अंग चोरून कसं चालेल?"

डॉक्टरांनी प्रत्येक कप्प्यात जाऊन थर्मामीटर लावला. पिल्लांची आई, थोरली डुकरीण, तिलाही दोनदा लावला. ताप कुठंच नव्हता. सून कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"न्या पिल्लं," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"वहिनी, तू होतीस म्हणून गं!" नणंदेनं तिला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते. पिल्लं भरून टेम्पो वळणाआड गेला, मागोमाग डॉक्टरांची गाडीही.

"बघितलंत, मामंजी?" सून म्हणाली. "काय तोऱ्यात आले होते! माझ्या पहाऱ्यातून काही आत शिरेल का?"

सासऱ्यांनी बाह्या झटकल्या.

"पहाऱ्याचं काय घेऊन बसलीस, पोरी! सकाळी थोरलीच्या अंगाला हात लावला, तर चटका बसत होता. पिल्लंही तापलेली. म्हटलं, लेकीचं नशीब पुन्हा फुटायला नको. पाण्यात ताप उतरवायच्या औषधाची पूड कालवून पाजली सगळ्यांना, तेव्हा कुठं उतरला."