ताण तोडायचा दिवस

डॉक्टरसाहेब, दुखत होतं तिला आणि विचारलंत तुम्ही त्याला.

कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी, सगळं तिच्या नवऱ्याला, बळीरामला. जयवंता तिथंच होती. खुर्ची होती, पण तिला बसवत नव्हतं. बसलं की उजव्या बरगडीखाली कुणीतरी ओलं धुणं पिळावं तसं पिळायचं, उभं राहिलं की तोच पीळ पाठीतून खांद्यात चढायचा. म्हणून ती धंतोलीतल्या तुमच्या त्या गार केबिनमध्ये दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत होती. नर्सने तीनदा बजावलं, बाई, बसा एका जागी. तुम्ही एकदाही मान वर केली नाही.

बळीरामने उत्तरं दिली. माणूस वाईट नाही. विचारलं ते सांगत गेला.

"दोन महिने झाले असन साहेब. गॅसच होते तिले. त्यात परवा वावरात रोडग्याचा कार्यक्रम होता. तूप दिसलं का हात राहते का बाईमाणसाचा?"

तुम्ही हसलात. नर्सही हसली.

परवा जयवंताने तीस माणसांचे रोडगे, कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजले आणि स्वतः अर्धा खाल्ला, तोही कोरडा. तूप पोटात गेलं की रात्रभर काय होतं, हे तिला दोन महिने नाही, दोन वर्षं ठाऊक आहे. पदराचा बोळा दातात धरला की शेजारी झोपलेल्याला ऐकू जात नाही, हेही ठाऊक आहे.

मग तुम्ही सोनोग्राफीचा कागद उजेडात धरलात आणि बळीरामला समजावून सांगितलंत. पित्ताची पिशवी खड्यांनी भरली आहे. एक खडा तोंडाशी येऊन अडकतो, म्हणून ही कळ. हा तिसरा झटका. आज भरती व्हा, उद्या दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू.

"यायले माहीत असलेला तिसरा," जयवंता खिडकीजवळून नवऱ्याकडे बघत म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही.

बळीराम मांडीवरची टोपी फिरवत राहिला. पंधरा दिवस ढकलता येईल का, असं त्याने विचारलं. बागेचा ताण तुटायला आला होता. संत्र्याला फूल आणायचं तर महिना-दीड महिना पाणी बंद करून झाडं तहानलेली ठेवतात, तोच ताण. कमी ताणलं तर फूल नाही, जास्त ताणलं तर झाडच हातचं जातं. ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचा दिवस चुकला की वर्ष गेलं. पाणी सुरू झालं की झाडांभोवती आळी करायला, खत द्यायला दहा माणसं लागतात, त्या माणसांचे दोन वेळचे डबे लागतात, आणि डबे करणारी इथं येरझारा घालत होती.

कळ थांबली तर ढकलता येईल, तुम्ही म्हणालात. नाही थांबली तर पिशवीत पू होतो, कावीळ होते. मग ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढे सरकवलात, पेन त्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "बघा, तुम्हीच ठरवा."

बळीरामला म्हणालात.

बळीरामने पेन उचललं. सही केली नाही, खालीही ठेवलं नाही. जयवंताकडे न बघता म्हणाला, "पंधरा दिवस काढशीन ना वं?"

ती थांबली. केबिनमध्ये आल्यापासून पहिल्यांदा थांबली.

सकाळी नरखेडकडून निघताना भाड्याची गाडी आधी बागेकडे वळली होती. जयवंता धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, पोट दाबून वाकली होती आणि बळीराम एकेका झाडाखाली जाऊन पान चिमटीत धरून बघत होता. पान किती मऊ पडलं, किती मुडपलं, त्यावरून झाडात किती जीव उरला ते त्याला कळतं. आजूबाजूच्या गावची माणसं त्याला मोटरसायकलवर बसवून आपल्या बागा दाखवायला नेतात. गाडीत बसता बसता तो ड्रायव्हरला म्हणाला होता, "अजून चार दिवस काढते झाडं. पाचवा नाही काढत."

जयवंता टेबलाशी आली. तुम्हाला विचारलं, "सही कोणाची लागते साहेब?"

"तशी तुमचीच," तुम्ही म्हणालात.

तशी. हे आधी सांगायला तोंड का उघडलं नाही तुमचं, ते तिने विचारलं नाही. तेवढा दम नव्हता तिच्यात. तिने बळीरामच्या बोटांतून पेन काढून घेतलं, एक हात टेबलावर रोवून फॉर्मवर आपलं नाव लिहिलं, आडनावासकट. अक्षर वाकडं आलं.

मग तिने बळीरामचा उजवा हात मनगटाला धरून ओढला. पानं चोळतो तोच हात. परक्या माणसासमोर, नर्ससमोर, तो तिने पदराखाली आपल्या बरगडीखाली नेऊन दाबून धरला. तिथलं पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं. बळीरामने हात मागे घ्यायला पाहिलं. तिने सोडला नाही.

"झाडाले कोणी विचारत नाही, तरी तुमाले समजते," ती म्हणाली. "आता हात लावला ना? सांगा मंग साहेबायले. किती दिवस काढीन मी?"