कॉव्हेन्ट्रीला धाडलेला माणूस

विल्फ ट्रँटरचा मग सोडून सगळ्यांच्या मगांत चहा पडला. विल्फ मुकाट्याने उठला आणि नळाचं पाणी प्यायला.

नॉर्थॅम्प्टनमधल्या त्या बुटांच्या कारखान्यातल्या कामगारांनी त्याला कॉव्हेन्ट्रीला धाडल्याला सहा आठवडे झाले होते. असा धाडलेला माणूस जात कुठेच नाही, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. सरळ वाळीत टाकणंच ते, नाव तेवढं जवळच्या शहराचं.

ठरलेल्या संपाची बातमी कोणीतरी आदल्या संध्याकाळीच मॅनेजरला पोचवली होती. संप फसला, चौघांच्या नोकऱ्या गेल्या. त्या संध्याकाळी विल्फ कारखान्यात उशिरापर्यंत थांबला होता, लोकांना एवढा पुरावा पुरला. त्याला वाळीत टाकायला कँटीनमध्ये हात वर झाले. पहिला हात सिरिल पास्कचा होता. अकरा वर्षं दोघे शेजारी बसून चामडं कापत होते. विल्फ त्याच्याकडे बघून “मी नाही” एवढंच म्हणाला.

त्या वर केलेल्या हाताची सिरिलला फार लाज वाटे. घरी तो ताट अर्धवट टाकून उठे.

“झालंय काय तुला?” बायकोने, एडनाने, विचारलं.

“विल्फशी बोलावंसं वाटतं.”

“मग बोल की! जीभ काय गहाण टाकलीस?”

“मलाही धाडतील.”

एडनाने पाळण्यातल्या महिन्याभराच्या बाळाकडे पाहिलं आणि पाळण्याला झोका दिला.

शनिवारी समजलं, विल्फ काम सोडून चाललाय. आता मात्र सिरिलला राहवेना. भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, त्याने विल्फचं दार ठोठावलं. विल्फ ट्रंक बांधत होता.

“कुठं चाललास?”

“कॉव्हेन्ट्रीला. खऱ्याखुऱ्या. मोटारींच्या कारखान्यात काम मिळालंय. तिथं म्हणे लोक बोलतात.”

सिरिलला हसू येईना. मान वर होत नव्हती. “विल्फ, सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय रे. चारचौघांत तुझ्या बाजूने एक शब्द तरी बोलायला हवं होतं मी.”

“बोलायचं तर मलाही होतं,” विल्फ ट्रंकेचा पट्टा आवळत म्हणाला. “त्या संध्याकाळी मॅनेजरच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं होतं मी तुला. पण एडनाचे दिवस भरत आले होते.”