होडीचं पान

शहराच्या इतिहासाची जुनी पुस्तकं स्कॅन करून करून माझे डोळे शिणले होते. त्यात या पुस्तकाची एकच प्रत उरलेली, लेखकाच्या घरची, आणि नेमकं मधलंच पान गायब. त्यांच्या मुलाला बोलावलं. मुलगा म्हणजे पंचाहत्तरीचे आजोबा. काठी टेकत ग्रंथालयात आले. "ते पान मीच फाडलं होतं, होडी करायला," ते म्हणाले. "बाबांनी शिक्षा म्हणून दुसऱ्या प्रतीवरून अख्खं पान पाठ करायला लावलं. घ्या लिहून." मी कंटाळून कीबोर्ड ओढला. इतक्या वर्षांनी काय डोंबल आठवणार? आजोबांनी डोळे मिटून जुन्या पुलाची हकीकत सनावळीसकट घडाघडा सांगितली. शेवटचं वाक्य पुढच्या पानाला बरोब्बर जुळलं. मी फाइल सेव्ह केली, तरी आजोबा उठेनात. ते ओशाळून हसले. "पान न अडखळता म्हटलं, की बाबा म्हणायचे, जा आता खेळायला."