भिंतीवरची साखराबाई

"अतिवास्तववादी चित्रकार जीवन सिरसाळकर यांची चित्रे कुठे पाहाल?" ऋतुजानं मोबाईलवरचं मोठ्यानं वाचलं. "दिल्लीच्या संग्रहालयात हायेत, मुंबईत हायेत, आन् एक तर पार फ्रान्सला. आज्जे, काकानं तुझं बी चित्र काढलंय. दिल्लीत भिंतीवर हाय बघ."

साखराबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. हात पुसून तिनं मोबाईल जवळ ओढला. उजाड रानात एक बाई बसलेली. मांडीवर घोंगडी, हातावर गोंदलेली तुळस, कोपराजवळ भाजल्याचा डाग. सगळं तिचंच. पदराखाली मात्र तोंडच नव्हतं. तिथं मोकळं आभाळ होतं आणि त्या आभाळात एकेक मेंढरू शिरत होतं.

"तोंड कुठं हाय माझं?"

"तसंच असतंय ते. सपनातल्यावानी काढतेत."

तेवढ्यात शेजारची छबुबाई डोकावली. गावभरच्या खबरींचा मक्ता तिच्याकडंच होता. चित्र बघून तिनं कपाळाला हात लावला. "अगं माय! जित्या माणसाला कुणी भिंतीवर टांगतं का? भिंतीवर गेलेलं माणूस लावतेत."

छबुबाई गेली, पण साखराबाईच्या जिवाला घोर लावून गेली. तिच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, नवऱ्याचा, हार घातलेला. तिनं चुलीवर चहा ठेवला, तो उतू गेला. मेंढरांपर्यंत गेली आणि कशाला आलो तेच विसरून माघारी फिरली. बाजेवर टेकली, लगेच उठली. पोरानं गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं, गावात यायला मात्र त्याला सवड नव्हती. बापाच्या दहाव्याला आला होता, त्याला किती बैलपोळे होऊन गेले. आणि आता हे. लेकाच्या लेखी आपण संपलो की काय, हा विचार तिला धड बसू देईना.

"लाव त्याला फोन," ती म्हणाली.

ऋतुजानं व्हिडिओ लावून दिला. पण साखराबाई फोन नेहमी कानालाच धरायची, त्यामुळं लेकाला आजवर तिचा कानच दिसत आला होता.

जीवन खुशीत होता. "माय, चित्र बघितलं का? लोकं थांबून थांबून बघायलेत."

"मला मेली धरलंस का बाबा?"

"माय, काय बोलायलीस?"

"मग भिंतीवर कावून टांगलंस?"

जीवन हसला. तिथं सगळीच चित्रं भिंतीवर असतात, जित्यांची, मेलेल्यांची, घोड्यांचीसुद्धा, असं त्यानं समजावून सांगितलं. साखराबाईचा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा तसाच राहिला.

"बरं. मग तोंड कावून न्हाई काढलं? गोंदण काढलं, डाग बी काढला."

  

"लई येळा काढलं, माय," जीवन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "दर येळेला दुसऱ्याच बाईचं व्हायचं. म्हणून पुसून टाकलं."

साखराबाईला लेकाचा राग आला आणि त्याच दमात त्याची कीवही आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते तिनं पदरानं टिपलं. मग घसा साफ केला.

"तुझी चित्रं कुठं कुठं बघायला मिळतेत, ते मोबाईलवर कुणी लिवलंय?"

"हाय माझ्या वळखीचा एकजण. कावून?"

"त्याला अजून एक गाव घालाया सांग," साखराबाई म्हणाली. "ही बाई सिरसाळ्याला बी बघायला मिळती म्हणावं. तोंडासकट."