दुप्पट किमतीची निळी

"सर, बूट बाहेर. निळी निजलीय," सार्जंट बिऱ्हाडे हँगरच्या दारात दबक्या आवाजात म्हणाला.

"विमान आहे की बाळंतीण?" असं म्हणत खरेदी समितीचे ग्रुप कॅप्टन धायगुडे बुटांसकट आत शिरले.

दोन लढाऊ विमानांतून त्यांना आज एक निवडायचं होतं. नाकारलेलं मोडीत जाणार होतं. धातूचं विमान निम्म्या किमतीत मिळत होतं आणि उतरल्यावर लगेच पुन्हा उडत होतं. जिवंत कातडीच्या निळीला मात्र जखम झाली की महिनाभर ऊब लागायची. काल चाचणीत घार धडकून तिचा पंख फाटला होता.

"हिचे लाड हवाई दलाला परवडायचे नाहीत," धायगुडे म्हणाले.

"नुसता हात तरी लावून बघा, सर," निळीला टेकून बसलेली तिची वैमानिक मृण्मयी ठेंगडी म्हणाली.

फाटल्या पंखावर पिंपळाच्या नव्या पानासारखी तांबूस, कोवळी कातडी धरली होती.

"ही कातडी कधी आली?" धायगुडेंनी विचारलं.

"आभाळातच. अंगावरची सगळी कातडी तिनं पंखाकडे ओढून घेतली."

धायगुडे निळीभोवती फिरले. शेपटीवर, पोटावर, नाकावर तिची हाडं उघडी पडली होती. मृण्मयीच्या आसनाभोवती तेवढी कातडी जाडजूड, जशीच्या तशी होती. तिथली निळीनं घेतलीच नव्हती.

ते खाली वाकले. त्यांनी नाड्या सोडून बूट हातात घेतले.

"बिऱ्हाडे," ते कुजबुजले, "दार लोटून घ्या. वारा लागतोय तिला."