गोंदाचा थर

पहिल्या ठोशात गणित्याचा चष्मा फुटला. दुसऱ्यात ओठ. तिसऱ्या ठोशाला तो खुर्चीसकट भिंतीवर आपटला, पण धडपडत उठून पुन्हा आपल्या कॉम्प्युटरसमोरच येऊन उभा राहिला.

मारणारा ट्रक ड्रायव्हर होता. उजव्या हाताची मूठ रक्तानं माखलेली, डाव्या हातात चाकाचे नट खोलायचा हातभर लांब पान्हा. त्याचा धाकटा भाऊ याच कारखान्यात लेझरच्या मशिनवर होता. पंधरा दिवसांपूर्वी दोन थरांचा पातळ पत्रा कापताना फुटला, तापलेले तुकडे संरक्षक चष्म्यातून आत घुसले आणि धाकट्याचे दोन्ही डोळे गेले. चौकशीत ठरलं, त्यानंच लेझरची ताकद वाढवली असणार. कारण नेमून दिलेल्या ताकदीला पत्रा फुटूच शकत नाही, असं कॉम्प्युटरवरचं गणित सांगत होतं. ते गणित करणारा आणि त्या कागदावर सही ठोकणारा माणूस हा.

"माझा भाऊ लिहून दिलेल्या आकड्याच्या केसभर पुढं जात नाही!" ड्रायव्हर ओरडला. "बोल, खोटं लिहिलंस म्हणून!"

गणित्या कॉम्प्युटरसमोरून हलला नाही. उलटा हात उगारायचा तर प्रश्नच नव्हता. झुरळ सोडलं तर जन्मात त्यानं कुणावर चप्पल उचलली नव्हती. दारात निम्मा कारखाना जमला होता. मध्ये पडायला कुणी तयार नव्हतं. पान्हा चांगला मोठा होता.

ड्रायव्हरचं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा मार खाणारा तोंड झाकत नव्हता की पोट झाकत नव्हता. दोन्ही हात पसरून कॉम्प्युटर झाकत होता.

"माणूस आंधळा झाला आणि तू हे डबडं जपतोस?"

त्यानं पान्हा दोन्ही हातांनी उचलला आणि कॉम्प्युटरवर घाव घातला. गणित्यानं हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला.

"दादा," गुडघ्यांवर बसत गणित्या म्हणाला, "अजून सात मिनिटं मला मारा. त्याला हात लावू नका."

पुन्हा उगारलेला पान्हा वरच राहिला.

"पत्र्याच्या दोन थरांमध्ये गोंद असतो. केसाहून पातळ. कुठं किती तापेल ते काढायला आम्ही प्रत्येक थराच्या बारीक चौकटी पाडतो. गोंद एवढासा, म्हणून मी कंटाळा केला. त्याला एकच चौकट दिली. सगळा ताप सरासरीत बुडाला. आता वीस दिल्यात. साहेब म्हणाले होते, मढी उकरू नकोस. पहाटेपासून गुपचूप तेच गणित पुन्हा चालवलंय, सात मिनिटांत उत्तर येईल. आज चारला चौकशी बंद होते."

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती.

त्यानंतर कुणी कुणाला मारलं नाही. ड्रायव्हर पडद्याकडे बघत उभा राहिला. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गणित्या मोडका हात मांडीवर घेऊन रडत होता. त्याला लाज वाटत होती.

आकडा आला. पहिल्या गणितात गोंद एकशेऐंशी अंशांवर होता. आता सातशेच्या पुढं गेला होता.

"गोंदाची वाफ झाली," गणित्या म्हणाला. "पत्रा फुटणारच होता. तुमच्या भावाची चूक नाही. माझी आहे."

ड्रायव्हरच्या हातातून पान्हा खाली पडला.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत साहेब आत आले. त्यांनी पडदा वाचला. दोनदा वाचला. मग गणित्याच्या हाताकडे न बघता ते तडक कॉम्प्युटरची वीज बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे निघाले.

ड्रायव्हरनं पान्हा उचलला आणि कॉम्प्युटर पाठीशी घालून साहेबांच्या वाटेत उभा राहिला.

"आता हात लावून दाखवा," तो म्हणाला.